सत्कार नको, पेन्शनचं बघा : सातारा जिल्ह्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाची केस

सातारा-कराड पट्ट्यातल्या एका बाजारगावातली ही केस आहे. गावाचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यात लोकांच्या पेन्शनी, आधारकार्डं आणि घराघरातले वादसुद्धा आलेत, ते चव्हाट्यावर नकोत. मी स्वतः बरीच वर्षं एका बँकेत पेन्शनचं काऊंटर सांभाळलंय, आता रिटायर आहे, आणि हे काम चालू होतं तेव्हा दुपारचा तिथं जाऊन बसायचो म्हणून सगळं जवळनं बघितलंय. माजी सैनिकांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्याकडं पहिलं स्टेज, फ्लेक्स, शाल आणि नारळ डोक्यात येतं. या गावातल्या दुकानदारांनी त्यांची कागदं करून दिली, आणि माझं ठाम मत आहे की आत्ता या माणसांना सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे.

साताऱ्याला फौज नवीन नाही. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर देशभर माहितीये, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि इंग्रजांनी तिथं स्मारक बांधलं, आजही तिथं घराघरात फौजी आहे. देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ ला साताऱ्यातच सुरू झाली, तिथंच शिकलेले पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात शहीद झाले आणि नंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. २६/११ ला कसाबला पकडून ठेवणारे तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे, तेही पोलिसात जायच्या आधी फौजेत होते. म्हणजे मान द्यायला सातारा कधी कमी पडलेला नाही. पण मान मिळणाऱ्या माणसाला पोर्टलवर लॉगिन करता येतंच असं नाही ना, आणि १९७१ च्या लढाईतला माणूस आज पंचाहत्तर-ऐंशीचा आहे, पोरगं कामोठ्याला नाहीतर पुण्यात, घरी म्हातारा-म्हातारी आणि एक साधा बटणाचा मोबाईल, ही इथल्या कितीतरी घरांची परिस्थिती आहे.

दुकान अगदी लहान. एसटी स्टँडच्या समोरच्या ओळीत, एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, एक कलर प्रिंटर, पासपोर्ट फोटोसाठी मागं निळा पडदा. नवरा-बायको दोघं मिळून चालवतात, त्यांना सगळं गाव दादा आणि वहिनी म्हणतं तर मीही तेच म्हणतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, कॉलेजचे फॉर्म, पीक विमा, लाईट बिल, असली कामं. दादाच्या घरात कुणी फौजेत नव्हतं, हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर बऱ्याच जणांनी विचारलं की याचं कोण होतं मिलिटरीत. कुणी नाही. त्याच्या दुकानाच्या बाकड्यावर रोज माजी सैनिक येऊन बसायचे, एसटीची वाट बघत, एवढंच.

सुरुवात झाली २०२४ च्या दिवाळीत. एक रिटायर हवालदार (आमच्याकडं फौजेतनं आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, तर हे आमचे मेजर) पासबुक घेऊन आले आणि म्हणाले, "दादा, पगार आला न्हाई बघ, मशीनवर एन्ट्री मारून आणली तर मागच्या म्हैन्याचाबी न्हाई." पेन्शनला ते पगारच म्हणतात. बँकेत विचारलं तर सांगितलं की आता तुमची पेन्शन आमच्याकडनं येत नाही, स्पर्शकडनं येते, तिकडं बघा. आता तिकडं म्हणजे कुठं, हे काही कुणी सांगितलं नाही.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी फौजेची पेन्शन बँक वाटायची, माणूस नोव्हेंबरात बँकेत जायचा, काऊंटरवर सही-अंगठा द्यायचा, आम्ही रजिस्टरला नोंद घ्यायचो, हयातीचा दाखला झाला. आता संरक्षण खात्यानं स्पर्श नावाची ऑनलाईन सिस्टीम आणलीये, पेन्शन प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन ऑफिसातनं (म्हणजे संरक्षण खात्याचं पेन्शनचा हिशोब बघणारं ऑफिस) थेट खात्यात पडते, बँकेचा संबंध फक्त खात्यापुरता. जुन्या पेन्शनरांची खाती टप्प्याटप्प्यानं तिकडं वळवली. सिस्टीम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, हिशोब एका जागी दिसतो आणि पोरगं शिकलेलं असेल तर घरबसल्या काम होतं. पण वर्षातनं एकदा हयातीचा दाखला त्या सिस्टीमपर्यंत पोचला पाहिजे, नाही पोचला की पेन्शन थांबते. पोचल्यावर मागची थकबाकी मिळते, पैसे बुडत नाहीत, पण मधले महिने औषधाच्या दुकानात उधारी चालू.

आमच्या मेजरांनी दाखला दिलेला होता! ही गंमत नाही, हीच खरी अडचण होती. त्यांनी आदल्या वर्षी कुठंतरी जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाईन हयातीचा दाखला, काढलेलं, कागद खिशात होता, पण तो काढताना पेन्शन देणारी एजन्सी म्हणून बँकेचं नाव निवडलेलं. तिथं 'स्पर्श - पीसीडीए पेन्शन अलाहाबाद' असा पर्याय निवडावा लागतो आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबरही स्पर्शचा नवा टाकावा लागतो, जुना नाही. एक पर्याय चुकला आणि दाखला भलतीकडं गेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दादानं दोन-तीन तास बसून हे शोधून काढलं, नवीन दाखला काढला, पुढं स्पर्शवर लॉगिन करून तो आलाय का तेही बघितलं. महिन्याभरात थकबाकीसकट पैसे आले आणि मेजर पेढ्याचा बॉक्स घेऊन दुकानात.

त्या पेढ्यांनी बातमी पसरली. दुसऱ्या दिवसापासनं लाईन. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना, त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, सरकारी माणसं सगळी इलेक्शन ड्युटीवर, कारखान्यांचा हंगाम सुरू होणार म्हणून घरातली तरणी पोरं उसाच्या मागं. शहरात हयातीच्या दाखल्याचे कॅम्प लागले होते पण सत्तरीच्या पुढच्या माणसानं गुडघे धरत सातारपर्यंत जायचं, नंबर लावायचा, आणि बोट उठत नाही म्हणून परत यायचं, हे किती वेळा करणार.

दुकानाचा धंदा बसायला लागला कारण एका माणसाला कमीत कमी अर्धा तास जायचा. कॉलेजची पोरं दारातनं परत जायची. इथं वहिनींनी एक साधा निर्णय घेतला जो मला सगळ्या केसमधला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो: दुपारी दोन ते पाच फक्त फौजी आणि त्यांच्या घरचे, बाकी वेळ नेहमीचं दुकान. पाटीवर तसं लिहिलं. दुपारी बाजारपेठ तशीही थंड असते, म्हणजे नुकसान कमी, आणि म्हाताऱ्या माणसांना उजेडात घरी जाता येतं.

मग बाकीचे दुकानदार कसे आले ते बघा. सभा वगैरे काही झाली नाही. शेजारचा चहावाला दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून येऊन बघायचा, त्यानं आपणहून थर्मास आणून ठेवला. स्टेशनरीवाल्यानं कागदाचं रीम दिलं. दादानं त्याला पैसे देऊ केले तर तो म्हणाला, "ठेव रं, माझा चुलता सियाचीनला होता." मेडिकलवाल्याकडं तर सगळे पेन्शनर महिन्याला येतातच, त्यानं काऊंटरवर चिठ्ठी चिकटवली की पेन्शन थांबली असेल तर स्टँडसमोर जावा आणि येताना अमुक कागद न्या. सगळ्यात कामाचा निघाला गिरणीवाला. गिरणीत वाडीवस्तीवरच्या बायका दळण घेऊन येतात, दळण होईपर्यंत थांबतात, बोलतात. पुरुषांना बातमी स्टँडवर कळते पण वीरपत्नी, विधवा बायका, त्यांच्यापर्यंत बातमी गेली ती गिरणीतनं.

वडापवाल्यांचंही, म्हणजे सीटवर भाडं घेऊन गाडी चालवणाऱ्यांचंही, सांगायला पाहिजे. वरच्या वाड्यांतनं एसटी दिवसातनं दोनदा, ती चुकली की दिवस गेला. दोन वडापवाल्यांनी बाजारच्या दिवशी फौजी आणि विधवांकडनं भाडं घ्यायचं नाही असं ठरवलं. पहिल्या बाजारीच एका सुभेदार साहेबांनी भाडं सीटवर ठेवलं आणि खाली उतरले, म्हणाले आम्हाला फुकट बसवायचं असेल तर आम्ही चालत येऊ. तेव्हा ठरलं की पेन्शनवाला फौजी भाडं देईल, विधवा आणि चालता न येणारे देणार नाहीत. दुकानातही तसंच झालं. झेरॉक्सचे दोन रुपये सगळ्यांकडनं, ऑनलाईन कामाचा चार्ज कुणाकडनंच नाही. मला हे फार पटलं. या माणसांना उपकार घ्यायची सवय नाही, दोन रुपये दिले की ते हक्कानं बसतात आणि हक्कानं चूकही दाखवतात.

मधे एकानं सुचवलं की वर्गणी काढू, एक फंड करू, समितीचं रजिस्ट्रेशन करू. दादा नाही म्हणाला. त्याचं म्हणणं, पैसे गोळा केले की हिशोब आला, हिशोब आला की भांडण आलं, आणि गावात गणपतीच्या वर्गणीवरनं काय काय होतं ते बघितलंय. ज्याच्याकडं जे आहे ते त्यानं तिथंच द्यावं, रिक्षा असेल तर रिक्षा, चहा असेल तर चहा, वेळ असेल तर वेळ. बँकेतल्या माणसाला, म्हणजे मला, हे आधी कच्चं वाटणार हे त्याला माहिती होतं, पण मीही त्याच्या बाजूनं बोललो, कारण लहान गावात रोख रक्कम मधे आली की चांगलं काम कसं अडतं हे काऊंटरवर बसून मी पुरेसं बघितलंय.

आता एक दुपार जरा जवळनं सांगतो. एक आजी आल्या, वय पंच्याऐंशीच्या आसपास, नातसुनेचा हात धरून. मशीनवर बोट ठेवलं, येईना. दुसरं ठेवलं, येईना. दहाही बोटं झाली. आयुष्यभर खुरपणी, भांगलण, शेणानं सारवण, बोटाच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. आजी हात पुसत म्हणाल्या, "आरं बाबा, बोटं झिजली म्हंजी मी मेले का रं?" वहिनी म्हणाल्या, "नाही ओ आजी, चेहरा चालतो आता." आणि खरंच चालतो, २०२१ पासनं जीवन प्रमाणला मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, आधारचं फेस आरडी ॲप टाकावं लागतं. पण त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते तेव्हाच फोटो घेतो. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वहिनी म्हणतायत डोळं मिटा, आजी मिटल्या ते मिटूनच बसल्या, म्हणतायत उघडा, तर त्या ताणून उघडून तशाच. दुकानात अंधार म्हणून खुर्ची दारात घेतली, पदर कपाळावर आलेला तो मागं सारायला आजी तयार नाहीत, चारचौघात डोकं उघडं करायचं म्हणजे काय. शेवटी वहिनींनी निळ्या पडद्याची एक बाजू धरून आडोसा केला, नातसून समोर बसली आणि म्हणाली, "आजे, माझ्याकडं बघा आणि मी डोळा मारते तसा मारा." आजी हसल्या, पापण्या लवल्या, हिरवा गोल आला. त्या दिवसानंतर दारातली उजेडाची खुर्ची आणि आडोशाचा पडदा कायम झाला, आणि मला वाटतं कुठल्याही सरकारी सूचनेत हे लिहिलेलं सापडणार नाही.

खरी मोठी गोष्ट मात्र याच आजींच्या कागदावरनं निघाली. मी त्यांची पेन्शन स्लिप बघत होतो, सवय हो. फॅमिली पेन्शन बेसिक किमान ९,००० आणि वर महागाई भत्ता, एवढंच. वय पंच्याऐंशी. नियम असा आहे की ८० वर्षं पूर्ण झाली की बेसिक पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट, आणि हे फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. म्हणजे ऐंशी झाल्या झाल्याच महिन्याला १,८०० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता जास्त यायला पाहिजे होता. येत नव्हता. का, तर नवरा १९७० च्या दशकात रिटायर झाला तेव्हाच्या पीपीओत बायकोचं नाव आहे, जन्मतारखेचा रकानाच रिकामा. सिस्टीमला या बाईचं वय माहितीच नाही, मग ती जादा पेन्शन कशी देणार. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही आणि आजींना नियमच माहिती नाही.

मग वहिनींनी आलेल्या प्रत्येक विधवेची स्लिप या नजरेनं बघायला सुरुवात केली आणि ही एकटीची केस नव्हती. काहींची तारीख रिकामी, काहींची पाच-सात वर्षं पुढं-मागं. आधारवर बऱ्याच जणींची १ जानेवारी, कारण आधार काढताना अंदाजानं वर्ष टाकलेलं. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र तिन्हीवर वेगवेगळी तारीख असेल तर आधी ती एक करायची, मग स्पर्शवर दुरुस्तीची विनंती टाकायची, गरज पडेल तिथं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र जोडायचं. आमच्या या आजींची जन्मतारीख नोंदली गेली आणि मागच्या फरकासकट रक्कम खात्यावर आली. आजींनी पहिल्यांदा काय केलं तर देवळाचा पत्रा बदलायला पैसे दिले. मला वाटत होतं स्वतःसाठी काही घ्याव्यात, पण त्यांचा पैसा, त्यांची मर्जी.

नावाचं प्रकरण याहून चिवट. लग्नाआधीचं नाव वेगळं, सासरी बदललेलं वेगळं, फौजेत नवऱ्यानं सांगितलेलं तिसरंच, क्लार्कनं इंग्रजीत लिहिताना स्पेलिंगची वाट लावलेली. नवरा जिवंत असताना दुरुस्त केलं तर सोपं जातं, तो स्वतः रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ऑफिसला, अर्ज करतो. म्हणून आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक फौजीला पहिला प्रश्न हाच असतो: "मेजर, तुमच्या मिसेसचं नाव आणि जन्मतारीख पीपीओत बरोबर आहे का, आज बघून घ्या." बऱ्याच जणांना हा प्रश्न आवडत नाही, आपल्या मागं काय होईल त्याची चर्चा कुणाला आवडते, पण मी म्हणेन हा प्रश्न गावागावात विचारला गेला पाहिजे. माणूस गेल्यावर मात्र अफिडेविट, सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, रेकॉर्ड ऑफिसकडं पत्रव्यवहार आणि मग दुरुस्त पीपीओ. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, म्हणजे कागद कुठं पाठवायचा तेही पलटणीवर. इथं एक रिटायर नायब सुभेदार कामाला आले, आयुष्यभर पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होते, रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं, आर्मी नंबर कुठं टाकायचा, विषय काय लिहायचा, सगळं तोंडपाठ. ते आता दर मंगळवारी बसतात. त्यांच्या पत्राला उत्तर येतं, आमच्या पत्राला येत नाही, हा फरक आहे.

काही माणसं लाईनीत कधी आलीच नाहीत. शिपायाला पेन्शन मिळायला १५ वर्षं नोकरी लागते. त्याआधी सुटलेले, कुणी घरच्या अडचणीनं, कुणी आजारानं, त्यांना पेन्शन नाही. गावात त्यांना मेजर म्हणतात पण बाकड्यावर पेन्शनच्या गप्पा चालू झाल्या की ते उठून जातात. अशा एकांचा पत्ता गिरणीवाल्यानंच सांगितला. सत्तरी पार केलेली, एकटेच, दोन शेरड्या आणि पडकं घर. १९७१ ला पश्चिम सरहद्दीवर होते. दादा घरी गेला तर म्हणाले, "मला काय मिळत न्हाय, मी अर्ध्यात आलोय," आणि दार लावायला लागले. त्यांना माहितीच नव्हतं की केंद्रीय सैनिक बोर्डाकडनं पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांपुढच्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला आणि त्यांच्या विधवेला दरमहा मदत आहे, तेव्हा ती ४,००० होती, नोव्हेंबर २०२५ पासनं ८,००० केली. ती ध्वजदिन निधीतनं येते. फौजेतनं सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक पत्र्याच्या पेटीत होतं, कडा वाळवीनं खाल्लेल्या पण नंबर आणि शिक्का शाबूत. नायब सुभेदारांनी ते पुस्तक हातात घेतल्यावर आधी उभं राहून त्यांची पलटण विचारली, मग बसले. अर्ज ऑनलाईन भरला, सैनिक कल्याण कार्यालयातनं पुढं गेला.

एजंटांबद्दल दोन वाक्यं लिहायलाच हवीत. थकबाकी काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे, असं सांगत फिरणारी माणसं या भागात येतात, आणि म्हाताऱ्या माणसाकडनं ओटीपी काढून घेणारे फोनही येतात. दादानं पहिल्या आठवड्यातच नियम केला: पासवर्ड दुकानात लिहून ठेवायचा नाही, ज्याचा त्याच्या वहीत लिहून द्यायचा, आधारची पीडीएफ संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी कॉम्प्युटरवरनं डिलीट, आणि ओटीपी पोराच्या मोबाईलवर जात असेल तर पोराला फोन लावून, म्हाताऱ्याच्या समोर, स्पीकरवर विचारायचा. यातनं एक-दोन घरात भांडणं झाली हेही खरं. बापाच्या पेन्शनचा मेसेज पोराच्या फोनवर जायचा आणि किती येते ते बापाला माहितीच नाही, असं निघालं. नंबर बापाचा टाकायचा का, हे बापानं ठरवायचं, दुकानानं नाही, एवढीच भूमिका घेतली.

डिसेंबरात मात्र जरा तणाव झाला. इलेक्शन संपलेलं, ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासनं पाळतात, तर काही पुढाऱ्यांनी निरोप पाठवला की सगळ्या फौजींचा भव्य सत्कार करू, स्टेज आमचं, तुम्ही फक्त यादी द्या. बाजारातले काही दुकानदारही खूष, फ्लेक्सवर आपले फोटो येणार. यादी द्यायची की नाही यावर चहाच्या टपरीवर चांगली वादावादी झाली. सुभेदार साहेब म्हणाले, "शाली घरात ढिगानं पडल्यात. सत्कार नको, पेन्शनचं बघा, आणि यादी कुणाला देऊ नका, त्यात आमचे आधार नंबर हायेत." यादी दिली नाही. स्टेजही झालं नाही. त्याऐवजी दुकानदारांनी ध्वजदिन निधीची रक्कम ज्यानं त्यानं आपापली सैनिक कल्याण कार्यालयात भरली आणि पावती आपापल्या दुकानात लावली. एक-दोन जण नाराज झाले, अजून आहेत, पण मला वाटतं सुभेदार साहेब शंभर टक्के बरोबर होते. त्याच काळात ग्रामपंचायतीकडंही एक काम झालं: २०२० साली राज्य सरकारनं माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केलीये, बाळासाहेब ठाकरेंच्या नावानं ती योजना आहे, एका घरापुरती. गावातले कितीतरी जण तरीही भरत होते. ग्रामसेवकांकडं एकत्र अर्ज नेऊन दिले, त्यांनीही टाळलं नाही.

दुकानाला काय मिळालं असं लोक विचारतात. खर्च झाला, हे आधी सांगतो. तीन तास रोजचे, प्रिंटरची शाई, वहिनींची कंबर. नोव्हेंबर-डिसेंबरात धंदा कमी झाला हे दादा स्वतः मान्य करतो. पुढं फौजींच्या घरातली बाकीची कामं, नातवांचे फॉर्म, सातबारे, ती सगळी त्याच दुकानाकडं वळली, त्यामुळं भरपाई झाली असं तो म्हणतो, पण मला वाटतं हे धरून चालू नये, दुसऱ्या गावात भरपाई होईलच असं नाही. ज्याला करायचंय त्यानं दुपारचे ठरावीक तास ठेवावेत, पूर्ण दिवस उघडं ठेवलं तर दुकान चालणार नाही आणि कामही बंद पडेल. आणि एकट्यानं करू नये, पलटणीच्या ऑफिसात काम केलेला एक रिटायर माणूस प्रत्येक पंचक्रोशीत आहे, तो आधी शोधावा.

पुढच्या वर्षापासनं पाटी ऑक्टोबरातच लागली, कारण ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासनंच दाखला देता येतो, त्यांचं आधी उरकलं की नोव्हेंबरातली गर्दी निम्मी होते. शेजारच्या दोन बाजारगावातले दुकानदार येऊन बघून गेले, एकानं सुरू केलंय, दुसऱ्याला माणूस मिळेना. दोन शेरड्यावाल्या मेजरांची मदत मंजूर होऊन खात्यावर यायला लागलीये, ते आता बाकड्यावर बसतात. नावाच्या फरकाच्या चार फाईली अजून अडकलेल्या आहेत, त्यातल्या एकीत रेकॉर्ड ऑफिसनं लग्नाचा पुरावा मागितलाय, लग्न झालं तेव्हा ना नोंदणी होती ना फोटो, लग्न लावणारे भटजी गेले, साक्षीदार म्हणून गावातली दोन वयस्क माणसं आणि सरपंचांचा दाखला असं जोडून नायब सुभेदारांनी मागच्या मंगळवारी परत पाठवलंय.